‘आई की बाळ’ विचारण्याआधी

“मॅडम, एकच सांगा. आई वाचवायची का बाळ?”

एमआरआयच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या सासूबाईंनी माझी नीट ओळख व्हायच्या आधीच हे विचारलं. सून १९ आठवड्यांची गरोदर, पहिलटकरीण. आदल्या रात्री घरात तिला फिट आली होती. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी “डोक्यात गाठ असू शकते” एवढंच म्हटलं होतं. पुढचं सगळं घरच्यांनी रात्रभरात मनातल्या मनात पुरं केलं होतं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

कॅन्सरच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. गरोदर बाई आली की हा प्रश्न हटकून येतो, आणि तोच पहिला आला की तपासणी मागे पडते. इथेही तेच चाललं होतं. सासूबाई सुनेला आत पाठवायला तयार नव्हत्या. “मशिनीत घातली अन् बाळाला कायतरी झालं म्हंजे?”

तिला उलट्या तिसऱ्या महिन्यापासून होत्या. चौथा संपला तरी थांबल्या नाहीत. पहाटे डोकं ठणकत उठायची, उलटी झाली की जरा बरं वाटायचं. गावाजवळच्या एका दवाखान्यात “पहिलं बाळंतपण आहे, होतंच असं” म्हणून गोळ्या दिल्या गेल्या. नवऱ्याने खाली मान घालून आणखी एक गोष्ट सांगितली: “ती चिडकी झाली होती, कशात लक्ष नसायचं. आम्ही म्हटलं, दिवस गेलेत, डोहाळे असतील.” मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असली की स्वभाव असा बदलू शकतो. घरात कुणाला ते कळणार तरी कसं? त्या अपराधीपणातून त्याला बाहेर काढायला मला पुढे तीन भेटी लागल्या.

गरोदरपणात फिट आली की डॉक्टर आधी रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन बघतात, कारण गर्भारपणातल्या वाढलेल्या रक्तदाबामुळेही झटके येतात. पण ते सहसा विसाव्या आठवड्यानंतर. हिचा रक्तदाब बरोबर होता, लघवी साफ होती. म्हणूनच डोक्याचा फोटो हवा होता.

मी सासूबाईंच्या शेजारी बसले. “मावशी, या मशिनीत किरणं नसतात, मोठा लोहचुंबक असतो. गरोदर बाईचा एमआरआय करतात. फोटो उठून दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं गॅडोलिनियमचं इंजेक्शन मात्र अगदीच गरज पडल्याशिवाय देत नाहीत, हिलाही देणार नाहीत.” त्यांनी विचारलं, सीटी केला असता तर? डोक्याच्या सीटीत पोटापर्यंत पोचणारी किरणं इतकी थोडी असतात की जीव धोक्यात असताना त्यासाठी अडून बसायचं कारण नाही, हेही सांगितलं. मग अडलं मंगळसूत्रावर. धातू आत नेता येत नाही. सुनेने ते काढून पुढे केलं, तर सासूबाईंचा हात पुढे होईना. शेवटी त्यांनी कमरेचा रुमाल काढला, मंगळसूत्र त्यात ठेवलं, एकावर एक तीन गाठी मारल्या आणि रुमाल मुठीत धरून दाराकडे बघत बसल्या.

गाठ उजव्या बाजूला, पुढच्या भागात होती. भोवती सूज होती.

त्या दुपारी घरच्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. “तिला सांगू नका. धसका घेईल, बाळावर परिणाम होईल.” प्रेमापोटीच म्हणत होते, पण मी हे मान्य करत नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही तिची असते. गर्भ ठेवायचा की नाही, यातही कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. तिचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागला तर आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही. हे तिला माहीत असायला हवं, मग ती काहीही ठरवो.

मी तिला एकटीला भेटले. मेंदूच्या डॉक्टरांनी गाठीचं सांगितलं, मी शेजारी बसून होते. ती रडली नाही. म्हणाली, “मला वाटत होतं मी वेडी व्हायला लागलेय. म्हणजे आजार आहे होय?” तो सुटकेचा सूर मी विसरलेले नाही. मग तिने विचारलं, “बाळाला पण होईल का ही गाठ?” मेंदूत सुरू झालेल्या अशा गाठी सहसा मेंदू आणि मज्जारज्जूबाहेर जात नाहीत, त्या वारेतून बाळात उतरतील ही भीती मनातून काढून टाक, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणि गर्भपात केला म्हणून गाठ जात नाही, हेही. ऑपरेशन दोन्ही वाटांवर होतंच.

तिने बाळ ठेवायचं ठरवलं. दुसरीने वेगळं ठरवलं असतं तर मी तिच्याही शेजारी तशीच बसले असते.

आता प्रश्नाचं रूप बदललं. ‘आई की बाळ’च्या जागी ‘कोणत्या आठवड्यात काय’ आलं. नवऱ्याने घरचं कालनिर्णय आणलं, आम्ही त्यावर पेन्सिलीने आठवडे मांडले. मेंदूच्या ऑपरेशनसाठी मधले तीन महिने त्यातल्या त्यात बरे: बाळाचे अवयव घडून झालेले असतात आणि पोट फार मोठं झालेलं नसतं. फिटच्या औषधांत व्हॅलप्रोएट टाळतात, बाळात दोष येण्याचा धोका त्यात जास्त असतो. तिला लेव्हेटिरॅसिटाम सुरू झालं. सूज उतरवायला स्टेरॉइड दिलं. २१व्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडू नये म्हणून तिला किंचित डावीकडे कलतं ठेवलं होतं. आधी आणि नंतर बाळाचे ठोके ऐकले. शुद्धीवर आल्यावर तिने पट्टी बांधलेल्या डोक्याला हात न लावता पोटाला लावला.

तपासणीत आलं ग्रेड ३ अ‍ॅस्ट्रोसायटोमा. म्हणजे कॅन्सरच. गाठ बरीचशी निघाली होती, पण पुढे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या लागणार होत्या. गोळ्या गरोदरपणात टाळायच्या. रेडिएशनचं उत्तर इतकं सरळ नाही. पोटावर शिशाचं आवरण घालून, बाळापर्यंत किती पोचेल ते आधी मोजून, गरोदरपणातही डोक्याला रेडिएशन देता येतं, आणि गाठ वेगाने वाढत असेल तर थांबणं जास्त धोक्याचं. तिच्या बाबतीत डॉक्टरांमध्येही मतं दोन होती, आणि ती त्यांनी तिच्यापासून लपवली नाहीत, याचं मला आजही मोल वाटतं. तिने थांबायचं ठरवलं, अट एकच: ठराविक आठवड्यांनी एमआरआय, आणि गाठ वाढायला लागली तर लगेच उपचार.

ते तीन महिने सगळ्यात अवघड गेले. ऑपरेशनच्या दिवशी माणसं गोळा होतात, वाट बघण्याच्या दिवसांत कुणी नसतं. सातव्या महिन्यात ओटीभरण करावं की नाही यावर घरात वाद झाला. ती म्हणाली, “करा. नुसतं आजारी म्हणून नका बघू माझ्याकडं.” डोक्यावर केस बोटभर आले होते, त्यावर फुलांची वाडी घालायची कशी, तर आत्याने पदराखालून दोऱ्याने बांधली.

३६व्या आठवड्यात सिझेरियन झालं, पूर्ण भूल देऊन. डोक्यातला दाब वाढलेला असण्याची शक्यता असेल तर पाठीतलं इंजेक्शन शक्यतो टाळतात. मुलगी झाली. केमोच्या गोळ्या चालू असताना अंगावर पाजता येणार नव्हतं, म्हणून दूध थांबवावं लागलं. या दुःखाबद्दल कुणी बोलत नाही. “जीव वाचला ना, मग दुधाचं काय?” असं तिला आप्तांनी ऐकवलं. छाती दुखून ती रडायची तेव्हा मी एवढंच म्हणाले, हे रडण्यासारखंच आहे.

तिने मला विचारलं, किती वर्षं आहेत माझ्याकडे? मी आकडा दिला नाही, खोटा धीरही दिला नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही दोघींनी वहीत लिहून काढले, आणि त्यातला तो पहिला ठेवला.

रेडिएशनच्या रोजच्या फेऱ्यांत सासूबाई नातीला घेऊन बाहेर बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी बाळ सुनेपासून लांब धरलं. मी सांगितलं, मशिन बंद झालं की किरणं संपली, तिच्या अंगात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली, तेव्हा घट्ट जाळीदार मास्कची नक्षी अजून तिच्या कपाळावर आणि गालांवर उमटलेली होती. सासूबाईंनी रुमालाची गाठ सोडली, मंगळसूत्र सुनेच्या गळ्यात घातलं, आणि नात तिच्या हातात दिली.