कंटेनर नागपूरच्या अजनी डेपोत पोहोचण्याआधी: आयात कपड्यांच्या कागदपत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : व्हिएतनामहून सुती टी-शर्ट मागवतो आहे. माल 'अझो-फ्री' (म्हणजे बंदी असलेले घातक अझो रंग न वापरलेला) असल्याचं पत्र कारखान्याने लेटरहेडवर दिलं आहे, पण आमचा कस्टम एजंट ते चालणार नाही म्हणतो. (एक वाचक, गांधीबाग)

उत्तर : एजंट बरोबर सांगतो आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली बंदी असलेले रंग मालात नाहीत, असा दाखला प्रयोगशाळेचा लागतो. त्या प्रयोगशाळेला त्या देशाच्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता हवी, आणि दाखला माल जहाजावर चढण्याआधीचा हवा. कारखान्याने स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र यात बसत नाही.

दाखला हातात आला की तीन गोष्टी ताडून पाहा : मालाचं वर्णन इनव्हॉइसशी शब्दशः जुळतं का, पाठवणाऱ्याचं नाव तेच आहे का, आणि तारीख बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या) आधीची आहे का. बहुतेक घोळ वर्णनात होतो. दाखल्यावर 'कॉटन फॅब्रिक' आणि इनव्हॉइसवर 'मेन्स निटेड टी-शर्ट' असेल, तर अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो दाखला या मालाचा नाहीच.

दाखला नसेल तर माल परत जात नाही. नमुने काढून इथल्या मान्य प्रयोगशाळेत, उदाहरणार्थ टेक्सटाइल्स कमिटीकडे, पाठवतात. सगळ्याच नगांची तपासणी होत नाही, पण किमान २५ टक्के नमुने घेतले जातात. आयातदार, पुरवठादार, मूळ देश आणि मालाचा दर्जा तोच असेल, तर तो अहवाल पुढचे सहा महिने वापरता येतो. म्हणून पहिला अहवाल जपून ठेवा. मात्र अहवाल येईपर्यंत कंटेनर अजनीच्या डेपोत उभा राहतो. डेपोचं भाडं वेगळं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) वेगळं, दोन्ही रोजच्या रोज चढतात. पहिल्यांदा माल मागवणाऱ्या छोट्या दुकानदाराचा नफा इथेच जातो. कारखान्याला आगाऊ रक्कम पाठवतानाच दाखल्याची अट लेखी घाला.

व्हिएतनामच्या मालावर आसियान कराराची (आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या व्यापार कराराची) ड्युटी-सवलत घ्यायची असेल, तर मूळ देशाचा दाखला वेगळा लागतो. त्याचा क्रमांक आणि तारीख बिल ऑफ एंट्रीत (माल सोडवण्यासाठी कस्टमकडे भरायच्या आयात-पत्रकात) भरावी लागते. शिवाय २०२० च्या 'कॅरोटार' या मूळ देशाविषयीच्या कस्टम नियमांप्रमाणे माल खरोखर तिथेच कसा तयार झाला, याची माहिती आयातदाराने पाच वर्षं स्वतःजवळ ठेवायची असते. कारखान्याने दाखला दिला एवढ्यावर सुटका होत नाही.

प्रश्न : शर्टिंगचे तागे मागवले. इनव्हॉइस वारांत (यार्डांत) आहे, पॅकिंग लिस्टवर फक्त किलो. हरकत निघाली. का? (इतवारी)

उत्तर : मागावर विणलेल्या कापडाचं एकक कस्टमच्या दरपत्रकात चौरस मीटर आहे. ६० व्या प्रकरणातलं होजिअरी कापड किलोत मोजतात. तुमचं कापड पहिल्या प्रकारातलं, म्हणून पन्हा लिहिल्याशिवाय हिशेब लागत नाही. समजा २,००० वार माल आहे आणि पन्हा ५८ इंच. २,००० × ०.९१४४ म्हणजे १,८२८.८ मीटर. ५८ इंच म्हणजे १.४७३२ मीटर. गुणाकार सुमारे २,६९४ चौरस मीटर. कापड १२० जीएसएम (चौरस मीटरला १२० ग्रॅम) असेल तर निव्वळ वजन ३२३ किलोच्या आसपास यायला हवं. पॅकिंग लिस्टवर ४०० किलो लिहिलं असेल, तर जीएसएम, पन्हा किंवा वार यांपैकी काहीतरी चुकलं आहे. हा हिशेब माल निघण्याआधी आपणच करावा.

आता मूल्यनिर्धारण फेसलेस आहे. कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरात बसलेला असू शकतो. तागा त्याच्या हातात नसतो, ई-संचित या कस्टमच्या ऑनलाइन व्यवस्थेवर चढवलेले कागद तेवढे समोर असतात. त्यामुळे इनव्हॉइसच्या ओळीत धाग्याचं प्रमाण (जसं ६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के कॉटन), विणीचा प्रकार, पन्हा आणि जीएसएम हे सगळं यायलाच हवं. 'फॅब्रिक, मिक्स' असं लिहिलेला इनव्हॉइस स्वीकारूच नका.

जहाजाच्या भाड्याबद्दलही सांगतो, कारण नागपूरकरांचं यात नाहक नुकसान होतं. न्हावाशेवा ते अजनी हा कंटेनरचा वाहतूक खर्च ड्युटीच्या मूल्यात धरायचा नसतो. शिपिंग लाइनने एकच एकत्रित आकडा दिला, तर समुद्राचं भाडं वेगळं मागून घ्या. भाड्याचा आकडाच नसेल तर एफओबीच्या (भाडं-विमा सोडून, जहाजावर चढवेपर्यंतच्या मालाच्या किमतीच्या) २० टक्के धरतात, आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. दहा लाखांच्या मालावर दोन लाख भाडं धरलं गेलं, तर प्रत्यक्ष खर्चापेक्षा ते बऱ्याचदा जास्तच असतं.

प्रश्न : बिल ऑफ एंट्री कधी भरायचं? (कामठी)

उत्तर : माल जिथे सोडवायचा तिथे तो पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. सुट्टीचा दिवसही धरला जातो. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) चालू आहे ना, हेही आधी पाहा. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ती अद्ययावत करावी लागते, माहितीत बदल नसला तरीही. विसरलात तर ती निष्क्रिय होते, आणि ते नेमकं माल आल्यावर कळतं.

प्रश्न : एमआरपीचं लेबल दुकानात आल्यावर लावलं तर? (सीताबर्डी)

उत्तर : किरकोळ विक्रीच्या पॅकबंद कपड्यांवर ते माल सोडवण्याआधीच हवं : आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वस्तूचं नाव, नग, साइज, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल. कारखान्यातूनच लावून घेणं सर्वांत स्वस्त. राहिलंच तर माल बॉन्डेड (कस्टमच्या देखरेखीखालच्या) गोदामात ठेवून तिथे लावता येतं, पण गोदामाचं भाडं आणि मजुरी आपली. आयातीवरचा जीएसटी, म्हणजे आयजीएसटी, २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १८ टक्के आहे.

प्रश्न : परदेशातले वापरलेले कपडे गठ्ठ्याने मागवता येतील? (एक वाचक, महाल)

उत्तर : कस्टमच्या दरपत्रकातल्या ६३०९ क्रमांकाखालचा हा माल निर्बंधित आहे. डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना हातात असल्याशिवाय पैसे पाठवू नका.