ती लिहितेय ते लिहू द्या, पण परीक्षा सांभाळून

प्रश्न : माझी मुलगी बीई कॉम्प्युटर सायन्सच्या पाचव्या सेमिस्टरला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. काही महिने झाले, रात्री उशिरापर्यंत एमडीएन नावाच्या वेबसाइटसाठी इंग्रजीत लिहीत बसते. पैसे काही मिळत नाहीत. मागच्या आठवड्यात तिचं लिखाण कुणीतरी दुरुस्तीसाठी परत पाठवलं, त्या रात्री ती जेवली नाही. हे बंद करायला लावू का? – एक आई, खानापूर

ताई, बंद करायला लावू नका.

वेबसाइट बनवणारे लोक एचटीएमएल, सीएसएस किंवा जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषांमध्ये कुठे अडले की त्यांची माहिती बघायला पहिल्यांदा एमडीएन उघडतात. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २००५ मध्ये ती सुरू केली. पूर्वी तिथलं पान कुणालाही थेट बदलता यायचं. डिसेंबर २०२० पासून सगळा मजकूर गिटहबवर, म्हणजे अनेकांनी मिळून कोड आणि मजकूर सांभाळायच्या साइटवर आहे आणि पाठवलेला बदल एखादा जाणकार तपासतो, मगच तो पानावर चढतो. त्यामुळे लिखाण परत येणं तिथे रोजचंच आहे, जुन्या लोकांचंही येतं. एका वेळी एकच बदल पाठवा, हे वाक्य लांब झालंय, उदाहरण चालवून बघितलं का, असं विचारतात. भरलेल्या वर्गात एकेका मुलाचं वाक्य असं तपासायला कुठल्या सरांना वेळ मिळतो?

या कामातून काय शिकायला मिळतं ते सांगते. जावास्क्रिप्टला ९, १० आणि ८० हे आकडे नुसतं सॉर्ट करायला, म्हणजे क्रमाने लावायला सांगितले, तर उत्तर येतं १०, ८०, ९. कारण ती आकड्यांना आधी मजकूर समजते आणि पहिल्या अक्षरापासून तुलना करत जाते. म्हणून १ ने सुरू होणारा १० पुढे आणि ९ शेवटी. हे नवख्या मुलाला दोन वाक्यांत, गोंधळ न करता, इंग्रजीत सांगून बघा. खानापूर-निपाणीकडची आपली हुशार मुलं बेंगळुरू-पुण्याच्या मुलाखतीत नेमकी इथेच अडतात. उत्तर डोक्यात असतं, तोंडातून सरळ निघत नाही. तुमची मुलगी रोज तोच सराव करतेय, आणि एमडीएनला इंग्रजी साधीच लागते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता काळजीचं. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या आधी सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची सरासरी श्रेणी) आणि बॅकलॉग (राहिलेले विषय) बघतात. व्हीटीयूची, म्हणजे विद्यापीठाची परीक्षा जवळ आली की हे काम पूर्ण बंद, एरवीही शनिवार-रविवारपुरतं, आणि जागरण नको. नुसत्या या कामावर नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही. टेक्निकल रायटरच्या, म्हणजे तांत्रिक माहिती लिहिणाऱ्यांच्या जागा असतात, पण डेव्हलपरच्या मानाने कमी. तिने कोडिंग सोडता कामा नये. आणि एआयकडून लिहून घेऊन चिकटवणं अजिबात नको. स्वतः चालवून बघितलं नाही ते पाठवायचं नाही.

अनोळखी लोकांशी बोलते, ही धास्ती मला समजते. तिथली चर्चा उघडी असते, तुम्हीही वाचू शकता. गिटहबच्या सेटिंगमध्ये स्वतःचा ईमेल लपवायची सोय आहे, ती चालू करायला सांगा. कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर तिथेच बोलणं थांबवायचं.

इंग्रजीचा कंटाळा आला तर मोझिलाच्याच पॉन्टून या भाषांतराच्या साइटवर फायरफॉक्सच्या भाषांतराचं काम मराठीत चालतं, कन्नडमध्येही. आपल्या भागातल्या मुलांना दोन्ही भाषा येतात, बाहेर असं मूल शोधावं लागतं.

रेझ्युमेत ‘ओपन सोर्समध्ये (सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रकल्पांत) योगदान’ एवढी मोघम ओळ लिहू नये. स्वीकारल्या गेलेल्या दोन-तीन बदलांच्या लिंक द्याव्यात. परत आलेला तो बदल मार्गी लागला तर त्याचीही द्यावी, कारण तपासणाऱ्याने काय विचारलं आणि तिने काय सुधारलं, हे मुलाखत घेणाऱ्याला तिथे सगळं दिसतं. म्हणून तो अर्धवट टाकू नये. आलेल्या सूचना एकेक करून हातावेगळ्या करायच्या आणि एखादी कळली नाही तर त्याच चर्चेत विचारायचं. विचारलं म्हणून तिथे कुणी कमी लेखत नाही.