साताऱ्याजवळच्या कास पठारावर पहिल्यांदा निघालायस? मग हे ऐक

शनिवार-रविवार टाळच. यवतेश्वरचा घाट चढलास की पेट्रीकडून रस्ता डोंगराच्या सोंडेवरूनच जातो; धुकं असेल तर दिवसाही हेडलाइट लाव. फुलं सप्टेंबरात. सीतेची आसवं, तेरडा, गेंद सहज दिसतील, टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच. जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर, म्हणून फोटोसाठी आत शिरू नकोस. (मीही पहिल्या वर्षी शिरलो होतो, शिट्टी वाजवून बाहेर काढलं!) प्रवेशशुल्कावरून घासाघीस नको, व्यवस्था आसपासच्या गावांतली माणसंच बघतात. कास तलावाचं पाणी साताऱ्याला प्यायला जातं, तिथे पाय बुचकळू नकोस. जेवण मात्र गावातच घे. पिठलं-भाकरी, आणि ठेचा जपून.