मित्रांसोबत एकाच दिवसात जंगल आणि समुद्रकिनारा, दोन्हीकडचं पक्षीनिरीक्षण कसं जमवावं?

पाच-सहा जण, सकाळी जंगल आणि नंतर किनारा, हा बेत एका दिवसात आरामात बसतो. फक्त तारीख सुट्टी बघून ठरवू नका, भरतीचं वेळापत्रक बघून ठरवा. जंगल रोज पहाटे जागं होतंच. किनाऱ्यावरचे पक्षी भरतीप्रमाणे हलतात.

ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी पाण्याच्या कडेने लांबवर पांगतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की तेच थवे काठाकडे सरकतात. म्हणून पूर्ण भरतीआधीचे दोन-अडीच तास हातचे घालवू नका. दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती असेल असा दिवस शोधा. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती नको. पाणी पुरेसं चढत नाही, पक्षी लांबच राहतात. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती मात्र एका ठिकाणी दर खेपेला जवळपास त्याच वेळेला येते. तुमच्या किनाऱ्यावर ती बाराला येत असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर तीन-चार दिवसांनी जा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, म्हणजे अडीच-तीनचा मेळ बसतो आणि पाण्याचा जोरही बराचसा टिकून असतो.

जंगलात उजाडायच्या आधी पोहोचा. एका रांगेत चाला, पुढचा थांबला की सगळे थांबा. बराच वेळ शुकशुकाट आणि मग एकदम दहा प्रकारचे पक्षी, असं होतं, कारण लहान पक्षी बरेचदा मिश्र थव्याने फिरतात. थवा आला की मागे धावू नका, जागेवर उभे राहा. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. नवशिके आधी खाली दुर्बिणीकडे बघतात आणि तेवढ्यात पक्षी हरवतो. मित्राला दाखवताना ‘तिकडे, तिकडे’ चालत नाही. ‘वाळक्या झाडाचा शेंडा, घड्याळातल्या दोनच्या दिशेला’ असं सांगा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं माझ्या मते सरळ चुकीचं आहे, विणीच्या हंगामात तर नकोच.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची. 10× मध्ये हाताची थरथर जास्त जाणवते आणि दाट झाडीत पक्षी सापडायला वेळ लागतो. किनाऱ्यावर सगळ्यांत मिळून एक स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी बघायची छोटी दूरदर्शी) आणि भक्कम ट्रायपॉड पुरे. ऊन तापल्यावर हवा थरथरते, तेव्हा 60× चा मोह सोडून 20-30× वरच राहा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या भिंगांवर वाफ धरते. शेवटची पंधरा मिनिटं काचा खाली करा.

किनाऱ्यावर ऊन पाठीशी ठेवा. किनारा पश्चिमेला तोंड करून असेल तर दुपारी सगळे पक्षी काळेच दिसतील, तेव्हा खाडीची पश्चिमेकडची बाजू गाठा. हिवाळ्यात करड्या पिसाऱ्यातले चिखल्या (प्लोव्हर) आणि तुतारी (सँडपायपर) हे किनाऱ्यावरचे पक्षी रंगावरून ओळखायला जाऊ नका. चाल बघा: चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, एकदा टिपतो; त्याची चोच आखूड. तुतारी सतत चोच खुपसत पुढे जातात. मग चोचीची लांबी डोक्याच्या तुलनेत बघा, त्यानंतर पायांचा रंग.

भरतीला थवे एका जागी विसावलेले असतात. त्यांनी माना वर काढल्या किंवा सगळे एकाच दिशेला चालू लागले, तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात; दोन पावलं मागे या. फोटोसाठी चिखलात उतरणं हा निव्वळ वेडेपणा. पाय रुततात आणि पाणी पाठीमागच्या ओहळांतून आधी भरतं.

ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप) जंगलाची आणि किनाऱ्याची यादी वेगवेगळी करा. मोठा थवा मोजताना आधी 50 पक्षी नीट मोजा आणि तेवढा तुकडा पूर्ण थव्यात किती वेळा बसतो ते बघा. घरी आल्यावर भिंगांवरची वाळू आधी फुंकणीने उडवा, मगच पुसा, नाहीतर ओरखडे पडतात.