माझ्या लेपर्ड गेकोने (ही पाळली जाणारी ठिपक्यांची पाल) काल दोन अंडी घातली आहेत. पिल्लं निघावीत म्हणून काय करू?

सगळ्यात आधी एकच सांगते: अंडी फिरवू नका. घातल्यावर पहिल्या दिवसभरातच आतला गर्भ कवचाला चिकटायला लागतो. कोंबडीच्या अंड्यासारखं हे अंडं उलटंपालटं केलं तर पिल्लू आतच मरतं. माझी पहिली जोडी मी अशीच गमावली. दिसली तशी ओलसर शेवाळातून उचलली, माती लागली होती म्हणून पुसली आणि डबीत कशीही ठेवली. दोन आठवड्यांत दोन्ही पिवळी पडून बसली. तेव्हापासून हात लावायच्या आधीच वरच्या बाजूला पेन्सिलीने छोटी फुली मारते आणि फुली वरच राहील अशीच अंडी हलवते.

डबी साधी झाकणाची चालते, झाकणाला दोनचार बारीक भोकं पाडा. आत व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट (कुंडीच्या मातीत मिसळतात ते ओल धरणारे हलके खनिज दाणे) घ्या आणि त्यात वजनाने तितकंच पाणी घाला. मुठीत दाबल्यावर मुटका व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये. अंगठ्याने खळगा करून अंडं अर्धं बुडेल इतकंच ठेवा. अंडं मधेच चेपलं तर ओल कमी झाली असं समजा आणि डबीच्या कडेने चमचाभर पाणी सोडा, अंड्यावर नाही.

आता तापमान. इथे इंग्लंडमध्ये माझ्या घरात थंडीत 18-19 अंश असतात, त्यामुळे नुसतं कपाटात ठेवून भागत नाही. थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारं यंत्र) असलेला इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची पेटी, लागतोच, आणि त्याच्या आकड्यावर विसंबू नका. वेगळा थर्मामीटर अंड्यांच्या शेजारी ठेवा. या गेकोंमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे उबवण्याच्या उष्णतेवर ठरतं. 26 अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, 32 च्या आसपास बहुतेक नर, मधल्या तापमानाला दोन्ही. त्याहून गरम, 34 च्या पुढे गेलं तर पुन्हा माद्याच जास्त होतात, पण तिथे अंडी दगावायचा धोका फार. मी 28 धरते. त्याला साधारण दोन महिने लागतात. गरम ठेवलं तर दीड महिना, 26 ला अडीच महिन्यांपर्यंत.

मादी कधी नराबरोबर होती का, हेही आठवून बघा. एकटी मादीसुद्धा अंडी घालते, त्यातून काही निघत नाही. पण नराशी पूर्वी संबंध आला असेल तर ती बीज साठवून ठेवते आणि पुढची अंडीही फळतात. आठवड्याभराने अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या कडेला लावा, अंडं न उचलता. आत गुलाबी चकती आणि केसाएवढ्या लाल शिरा दिसल्या की फळलं. तो पहिला लाल धागा बघताना मला अजूनही भरून येतं. फक्त पिवळा उजेड दिसला तरी लगेच फेकू नका, आणखी दोन आठवडे थांबा. एकावर बुरशी आली तर दुसरं अंडं चांगलं असू शकतं.

मादीकडेही लक्ष द्या. एका हंगामात ती अशा अनेक जोड्या घालते आणि कवचासाठी तिच्याच हाडांतलं कॅल्शियम जातं. डी3 जीवनसत्त्व असलेली कॅल्शियमची पूड तिच्या खाण्यातल्या किड्यांवर शिंपडून द्या. शेपटी बारीक होत असेल तर नराला दूर ठेवा.

शेवटच्या एकदोन दिवसांत अंड्याला घाम सुटल्यासारखे थेंब येतात आणि ते खचतं. घाबरू नका, वेळ आली आहे. पिल्लू कवच फाडून तोंड बाहेर काढतं आणि कित्येक तास तसंच बसतं. ओढून काढू नका, आत उरलेला बलक ते शोषून घेत असतं. बाहेर आलं की वजन जेमतेम तीन ग्रॅम, पण बोट जवळ नेलं तर शेपटी उंचावून किंचाळतं! अंगावर ठिपके नसतात, काळे-पिवळे पट्टे असतात. ओल्या टिश्यूवर स्वतंत्र डब्यात ठेवा. दोनतीन दिवसांत ते पहिली कात टाकतं आणि बहुतेक वेळा स्वतःच खातं. त्यानंतरच त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढे छोटे रातकिडे द्या.