वाचकांचे प्रश्न: रुग्णाची खोली

प्रश्न : आई सहा महिने अंथरुणाला खिळून आहे. तिच्या चादरी आणि बेडपॅन आम्ही विहिरीच्या पाण्यात हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक औषध) घालून त्यात बुडवतो. चादरींवर तांबूस डाग पडतात, वासही पुरता जात नाही. औषध वाढवावं का? (देवगड)

वाढवू नका, डाग आणखी गडद होतील. जांभ्या दगडातल्या बऱ्याच विहिरींच्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं. पाणी दिसतं नितळ, पण क्लोरीन पडलं की त्या लोहाचा गंज होऊन सुती धाग्यात बसतो. क्लोरीनही तिथेच खर्ची पडतं, जंतूंसाठी उरतं कमी. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन औषधाचे चार-पाच थेंब टाकून बघा. अर्ध्या तासात पिवळट झाक आली किंवा तळाला तांबूस साका बसला, तर कारण हेच.

चादरींना क्लोरीन नकोच. मळ आधी गार पाण्याने काढा, कारण गरम पाण्याने रक्ताचे डाग पक्के होतात. मग साबण लावून 20 मिनिटं उकळा. त्यासाठीचं पाणी आदल्या रात्री एका बादलीतून दुसरीत उंचावरून आठ-दहा वेळा ओतून झाकून ठेवा. सकाळपर्यंत लोह तळाला बसतं; वरची निवळ तेवढी फडक्यातून गाळून घ्या. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरलंत तर हा खटाटोप वाचतो. पहिल्या दोन-तीन सरींचं मात्र सोडून द्या, त्यात कौलांवरची सगळी घाण उतरते.

बेडपॅन आधी साबणाने घासा. लघवी राहिली तर तिच्यातल्या अमोनियाशी क्लोरीन मिसळून डोळे-घसा चुरचुरवणारा वायू सुटतो. तुमचा न जाणारा वास बहुधा तोच. बाटली 5 टक्क्यांची असेल तर 20 मिली औषध 1 लिटर पाण्यात, 10 मिनिटं. जमिनीवर विष्ठा किंवा रक्त सांडलं तर पुसून घेऊन 100 मिली औषध आणि 900 मिली पाणी. औषधाचं पाणी रोज ताजं करा. स्टीलचं भांडं जास्त वेळ बुडवून ठेवू नका, बारीक खड्डे पडतात. जुने डाग लिंबाने काढणार असाल तर कपड्यातलं क्लोरीन आधी पुरतं खळबळून घालवा. आंबट किंवा संडास धुण्याचं ॲसिड त्यात मिसळलं की विषारी वायू होतो.

प्रश्न : एअर मॅट्रेस (पडून राहून होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी, पंपाने आळीपाळीने फुगणाऱ्या कप्प्यांची गादी) घेतली आहे, पण पावसात तासन् तास लाइट नसते. (गुहागर)

लाइट गेली त्या क्षणी निम्मे कप्पे फुगलेले, निम्मे सैल असतात. नळ्या पंपावरून लगेच काढून टोपी लावा; टोपी नसेल तर दुमडून चिमटा लावा. हवा टिकेल, पण कप्पे आलटून पालटून भरणं थांबलेलंच असतं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदला. लाइट असतानाही बदलायचीच, मॅट्रेस म्हणजे त्यातून सुटका नव्हे. माकडहाडाच्या जागी, मॅट्रेसच्या खालून हात सरकवून बघा. हात आणि अंग यांत साधारण इंचभर फुगीर हवा लागली पाहिजे. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. वर एकच पातळ सुती चादर घाला. गोधडी, रबरी शीट आणि दोन डायपर यांखाली मॅट्रेसचा उपयोग संपतो.