तीस टक्क्यांवर नीटचा जादा तास मिळतो का?

प्रश्न : आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याला डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिणं जड जाणारी अध्ययन अक्षमता आहे, सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर 30 टक्के लिहिलंय. दहावीला बोर्डाने जादा वेळ दिला होता. आता नीटचा फॉर्म भरायचाय, तर सायबर कॅफेवाला म्हणतो, ‘40च्या खाली काही मिळत नाही, नाही म्हणून टाका.’ क्लासचे सर म्हणतात, गोलच तर काळे करायचेत, त्याला जादा वेळ कशाला? माझे दीर तर म्हणतात, हा बाकीच्या मुलांवर अन्याय आहे. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, कॅफेवाल्याचं निम्मं बरोबर आहे आणि सगळा घोळ त्या निम्म्यातच आहे. 40 टक्क्यांची अट खरी, पण ती जागेसाठी. दिव्यांग हक्क कायदा, 2016च्या कलम 32 प्रमाणे उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांनाच मिळतं. परीक्षेला बसताना मिळणारी सोय ही वेगळी गोष्ट आहे. तिला टक्क्यांची अट नाही. लिहिताना खरंच अडचण येते का, एवढंच पाहायचं असतं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. त्या विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितलं की लेखनिकाची सोय फक्त 40 टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट 2022 मध्ये 40च्या खालच्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये गुलशन कुमार खटल्यात न्यायालयाने तेच पुन्हा बजावलं. भरपाईचा वेळ तासाला किमान 20 मिनिटं असतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

तरीही हातात निकाल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अवनी प्रकाश खटला तुमच्या अगदी जवळचा आहे. त्या मुलीलाही डिसग्राफियाच, परीक्षाही नीटच, 2021ची. केंद्रावर तिला जादा तास दिला नाही, उत्तरपत्रिका काढून घेतली. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला फटकारलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. लाखो मुलांची परीक्षा झालेली असताना एकीसाठी पुन्हा पेपर काढणार नाही, असं म्हणून काय भरपाई करता येईल ते आठवड्यात ठरवा, एवढाच आदेश झाला. म्हणून माझा सगळा भर परीक्षेच्या आधीच्या कागदांवर आहे.

सर म्हणतात ते गोल. नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात. रसायनशास्त्राचं गणित मूल डोक्यात सोडवत नाही, प्रश्नपत्रिकेच्या कडेला सोडवतं. डिसग्राफिया असलेल्या मुलाचा दशांश चिन्हाचा ठिपका तिथे हरवतो, वरच्या ओळीतला आकडा खालच्या ओळीत घसरतो, आणि येत असलेलं उत्तर चुकतं. जादा तास त्यासाठी आहे. लेखनिक घेतलाच पाहिजे असंही नाही, नुसता वेळ मागता येतो.

तुमच्या दिरांची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. बनावट प्रमाणपत्रं निघतात, 2024 मध्ये महाराष्ट्राने त्याचा तमाशा पाहिला. पण ती पकडायची जागा वैद्यकीय मंडळाचं टेबल आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकाने मुलाकडे बघून खरं-खोटं ठरवायचं नसतं. गैरवापर होईल या भीतीने गरजूंची सोय काढून घेता येत नाही, हेही विकास कुमार निकालात आहे.

याच कारणासाठी तुम्हालाही एक सांगतो. फॉर्ममध्ये आरक्षणाच्या रकान्यात चुकूनही ‘हो’ भरू नका. 30 टक्क्यांवर ती जागा घेणं त्याच कायद्याच्या कलम 91 खाली गुन्हा ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोयीचा रकाना वेगळा असतो. माहिती पुस्तिकेत तो शोधा, कॅफेवाल्यावर सोडू नका. सापडला नाही तर फॉर्म दुरुस्तीची मुदत संपण्याआधी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला ईमेल करा, वरच्या निकालांची नावं टाका आणि पोच जपून ठेवा.

प्रवेशपत्र आलं की सोयीची नोंद आहे का पाहा. परीक्षेच्या दिवशी निकालाच्या प्रती तुमच्या पिशवीत ठेवा, मुलाला त्या आत नेऊ देणार नाहीत. केंद्राधीक्षकांना गेटवरच गाठून प्रमाणपत्र दाखवा. तरीही वेळेआधी पेपर ओढला, तर वाद घालू नका. तिथेच लेखी तक्रार द्या, प्रतीवर शिक्का मागा, त्याच संध्याकाळी ईमेल करा.

परीक्षेआधीच नकार आला, तर दिल्लीच्या दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण त्यांच्या शिफारशीची वाट पाहण्याइतका वेळ तुमच्याकडे नसेल. तेव्हा सरळ उच्च न्यायालयात रिट करा. नाशिकची रिट मुंबईला दाखल होते, संभाजीनगरला नाही. फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. दिव्यांगांना, मुलांना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

हे सगळं मुलाच्या कागदांवर उभं आहे. प्रमाणपत्राची मुदत बघा, कारण या प्रकारात 18 व्या वर्षी फेरतपासणी होते. लिहिण्यात अडचण आहे असा वेगळा दाखलाही लागतो, ठरलेल्या नमुन्यात, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा. याच आठवड्यात सिव्हिलला जाऊन त्याची तारीख घ्या, फॉर्मची मुदत जवळ आली की तिथे रांग वाढते.